मथूच्या हातचा घास

बोरगाव, १३ जुलै १९५८

चि. सौ. गोदूस अक्काचे खूप आशीर्वाद.

तुझं पत्र आणि तू पाठवलेला चमचा, दोन्ही पोचलं. चंद्रभानराव मागच्या रविवारी येलदरीहून आले होते, धरणाच्या कामावरून एक दिवसाची सुट्टी काढून. आल्या आल्या लेकीला उचलायला गेले तर ती माझ्या पदरात शिरली. बापाचं तोंड एवढंसं झालं. मग त्यांनी खिशातून चमचा काढला, तेव्हा कुठं बाईसाहेब बाहेर आल्या.

डॉक्टरांचं म्हणणं त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. तू बरी होऊन क्षयाच्या दवाखान्यातून घरी आलीस तरी वर्षभर तुझं ताट-वाटी वेगळं. पोरीला तुझ्या हातानं भरवायचं नाही, तिचं उष्टं तू खायचं नाही, तुझं तिनं. येलदरीच्या खोलीत तिसरं माणूस नाही, चंद्रभानराव दिवस उगवला की कामावर. म्हणजे मथू आपल्या ताटलीत आपल्या चमच्यानं जेवायला लागेल तेव्हाच तिला तुझ्याजवळ ठेवता येईल. सव्वा वर्षाच्या पोरीला ही अट! पण तू त्याचा घोर करू नकोस. शिकवण्याचा जिम्मा माझा.

आजच सुरुवात केली. मुगाची खिचडी घट्ट शिजवली, म्हणजे चमच्याला धरून राहील. तिनं चमचा आधी उलटा धरला, मग चावला, मग जर्मनच्या ताटलीवर असा बडवला की तुझे दाजी बाहेरून म्हणाले, "पोरगी जेवायलीय का हलगी वाजवायलीय?" खिचडी भिंतीला, केसात, कानात. तोंडात काही गेली नाही. शेवटी मीच हातानं भरवलं. चार घास खाल्ले आणि मांडीवरच झोपली.

तुझं वजन चार पौंडांनी वाढलं हे वाचून बरं वाटलं. सुया टोचून घ्यायला कंटाळू नकोस. इथली काळजी अजिबात करू नकोस.

तुझी अक्का

बोरगाव, ९ सप्टेंबर १९५८

चि. सौ. गोदूस आशीर्वाद.

तू प्रत्येक पत्रात तेच विचारतेस म्हणून तेच लिहिते. मथूला चमचा अजून जमत नाही. मी रोज बसते, पण तिचं चित्त ठिकाणावर नसतं. लहान आहे गं. काही लेकरांना उशीर लागतो. तू स्वतः तीन वर्षांची होईपर्यंत आईच्या हातानं जेवत होतीस, हे तुला आठवणार नाही, मला आठवतं.

बाकी पोर छान आहे. बानूबाई धनगरीण यंदा आमच्याच वावरात शेळ्या-मेंढरं घेऊन बसली आहे. दोन्ही वेळा धारोष्ण दूध आणून देते. मथूला तिच्या करडांचं लय वेड. काल परसात बसून तुझ्याच चमच्यानं माती घेऊन एका करडाच्या तोंडाशी नेत होती. कण सांडत नव्हता. ते बिचारं मागं मागं सरकत होतं आणि ही "आ कल, आ कल" म्हणत त्याच्या मागं. मी लय हसले.

माती वेगळी आणि जेवण वेगळं, हे तुला सांगायला नको.

आणखी एक. ती आता मला माय म्हणते. मी मावशी म्हण म्हणते, पण तो शब्द तिला जड जातो. मनाला लावून घेऊ नकोस.

तुझी अक्का

बोरगाव, २० नोव्हेंबर १९५८

चि. सौ. गोदूस आशीर्वाद.

तू दवाखान्यातून सुटून येलदरीला आलीस हे कळलं. देवाला नारळ फोडला. तुझ्या पत्रातली खोलीची हकीकत वाचली. मथूसाठी खिडकीजवळ पाट मांडून ठेवलास, तिची ताटली वेगळ्या फळीवर ठेवलीस. एवढी घाई का करतेस? नुकतीच उठली आहेस. त्यात ही थंडी, धरणावरची धूळ.

आणि मुख्य गोष्ट तीच. ती चमच्यानं खात नाही. माझ्या हातानंच खाते, तेही मांडीवर बसून. तुझ्याकडं आणून सोडली तर दोन दिवस उपाशी राहील, मग तुला राहवणार नाही आणि तू हातानं भरवशील. डॉक्टरांनी काय सांगितलं ते तूच मला कळवलं होतंस. पोरीच्या जिवाशी खेळ नको.

संक्रांतीला तूच ये. डोळ्यानं बघ. मग ठरवू.

तुझे दाजी तुला आशीर्वाद सांगतात. ते हल्ली कमी बोलतात. ज्वारीची राखण चालू आहे, त्यामुळं असेल.

तुझी अक्का

बोरगाव, १९ जानेवारी १९५९

चि. सौ. गोदूस आशीर्वाद.

तू सुखरूप पोचल्याचं कळलं. देवगाव फाट्यावर मोटारीची दोन तास वाट बघावी लागली, म्हणजे उन्हाचा त्रास झाला असणार.

तू आलीस त्या दिवशी मथू तुझ्याकडं आली नाही, ह्याचं दुःख करू नकोस. वर्ष झालं तिला तुझ्यापासून येऊन. लेकरं माणूस विसरतात, तशी पुन्हा ओळखतातही. तू सहा हात लांब बसून नुसती बघत होतीस, ते मलाच बघवत नव्हतं.

जेवणाचं म्हणशील तर तू स्वतःच पाहिलंस. चमचा समोर होता. तिनं हातात घेतला नाही. मी तुला खोटं लिहीत नव्हते.

पाडव्यापर्यंत थांबू. माझं ऐक.

तुझी अक्का

बोरगाव, २२ फेब्रुवारी १९५९

गोदू,

आशीर्वाद लिहायला हात होत नाही. हे पत्र एकटी असताना वाच. चंद्रभानरावांना दाखवायचं का नाही ते तू ठरव.

मथू चमच्यानं खायला ऑगस्टमध्येच शिकली होती. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी. मी ज्वारीच्या कण्या शिजवून दूध-गूळ घालून तिच्यापुढं ठेवल्या आणि चुलीकडं वळले. वळून बघते तर तिनं सहा चमचे आपल्या हातानं खाल्ले होते. सातवा तोंडाशी नेताना माझ्याकडं बघून हसली. हनुवटीवरून दूध गळत होतं. गोदू, त्या वेळी मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी आधी दाराकडं बघितलं, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून. मग तिच्या हातातून चमचा काढून घेतला आणि फडताळात वर ठेवून दिला.

त्या दिवशी मला एवढंच वाटलं होतं की आणखी आठ दिवस. आठ दिवसांनी कळवू. आठाचे पंधरा झाले. तुझं पत्र आलं की चमचा खाली काढायचा, एकदा तिच्यापुढं ठेवायचा आणि "जमत नाही" असं लिहायचं. सप्टेंबरमध्ये असाच एकदा चमचा खाली राहिला, तेव्हाची करडाची गोष्ट मी पत्रात लिहिली. लिहिताना हसत होते. पत्र पेटीत टाकल्यावर ध्यानात आलं की त्यात सगळं उघडंच आहे. दहा दिवस जीव मुठीत होता. पण तू भोळी. तू उलट लिहिलंस, "अक्का, मथू किती गोड गं!"

आपल्या दादांनी लहानपणी ओसरीवर बसवून मला अक्षरं शिकवली. ती मी आजारी बहिणीला फसवायला वापरली.

पुढचं ऐक. ती चमच्यासाठी हात करायची. शिकलेलं लेकरू, ते मागणारच. तेव्हा मी तिच्या बोटांवर चापट मारायची. जोरात नाही, असं मी स्वतःला सांगायची. पण रोज मारायची. मारायची आणि लगेच जवळ घेऊन भरवायची. महिनाभरात तिनं हात करणं सोडलं. मांडीवर यायची, तोंड उघडायची आणि दोन्ही हात आपल्या पोटाशी धरून बसायची. मी त्याला माया म्हणत होते.

संक्रांतीला तू आलीस. तू भिंतीला टेकून लांब बसली होतीस, तोंडाला पदर लावून. समोर ताटली, चमचा. मथूनं एकदाच, तुझ्याकडं बघत बघत, डावा हात पुढं केला होता. तो हात मी माझ्या पदराखाली धरून ठेवला. घट्ट धरला. ती रडली ते त्यामुळं रडली. तुला वाटलं तुला बघून रडली. मी तसं वाटू दिलं.

निघताना तू माझ्या पाया पडलीस. म्हणालीस, "अक्का, तू नसतीस तर माझी पोर जगली नसती." मी पाय मागं घेतले नाहीत. तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "औक्षवंत हो." माझ्या सगळ्या वागण्यात मला ह्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते. तुझ्या सुखाची माती करणाऱ्या माणसाच्या पाया पडायला लावलं मी तुला.

आता हे सगळं आजच का सांगते, ते. मागच्या आठवड्यात पाथरीला आत्याबाईंच्या घरी तेरावं होतं. दोन दिवस जाणं भाग होतं. मथूला तुझ्या दाजींजवळ आणि बानूबाईजवळ ठेवून गेले. परत आले तर पोर ओट्यावर मलूल बसलेली. ओठ सुकलेले. दोन दिवसांत थोडं दूध सोडून काही पोटात नव्हतं. बानूबाईनं भाकर कुस्करून पुढं ठेवली, हातानं भरवून पाहिलं, तर तोंड फिरवायची. मग तुझे दाजी फडताळातून चमचा काढून तिच्या हातात द्यायला गेले. चमचा बघितल्याबरोबर तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले आणि डोळे मिटून घेतले. मार खायच्या तयारीनं.

बानूबाई मला म्हणाली, "कमलबाई, मी नऊ लेकरं वाढवले. लेकरू अन्नाला भेत नसतं. हिला चमच्यावरून कुनीतरी हानलंय. कुनी हानलंय ते सांगा, मी त्याच्या घरी जाऊन इचारते."

तुझे दाजी दारात उभे होते. ते म्हणाले, "बानूबाई, तुमी जावा. घर हेच हाय." ती गेल्यावर मला म्हणाले, "मला श्रावणापासून ठाऊक हाय. पोरगी चमच्यानं खाताना मी खिडकीतून बघितली व्हती. म्हणलं आज सांगशील, उद्या सांगशील. मी गप बसलो, तवा मीबी त्यात हायेच." एवढं बोलून बैलांना पाणी दाखवायला गेले.

माझं बाळ चार दिवसांचं होऊन गेलं, त्याला नऊ वर्षं झाली. ते कारण मी तुला देणार नाही. तुझी पोर तर जिवंत होती, आणि तू मरता मरता वाचून तिच्यासाठी उठली होतीस.

आज तुला "ये आणि घेऊन जा" असंही लिहिता येत नाही. मी तुला सहा महिने जे खोटं लिहीत होते ते आता खरं झालं आहे. मथूला चमच्यानं खाता येत नाही.

तू म्हणशील ते मी करीन. तू म्हणालीस तर तिला घेऊन उद्या येलदरीला येईन आणि दारातच ठेवून परत फिरेन.

कमल

बोरगाव, १२ एप्रिल १९५९

गोदू,

चाळीस दिवसांनी तुझं कार्ड आलं. "मथूला शिकव. शिकली की कळव." एवढंच. ते मी किती वेळा वाचलं ते लिहीत नाही.

तुझं कार्ड यायच्या आधीच सुरुवात केली होती. पण माझ्यानं होईना. मी समोर बसले की ती तोंड उघडते आणि हात पाठीमागं. मी "घे गं" म्हणून चमचा पुढं केला की डोळे मिटते. दोनतीन दिवस असेच गेले. मग बानूबाईला बोलावून मी सगळं खरं सांगितलं. मला वाटलं, थुंकून निघून जाईल. तिनं समोरच्या चमच्याकडं बघितलं. मग म्हणाली, "चमचा उचलून ठिवा आधी. आन् तुमी तिच्या पुढून उठा. तुमी दिसलात की तिला मार दिसायलाय."

म्हणून आमच्या घरात असं ठरलं. जेवण मी करते, ताटली मी भरते आणि ओट्याच्या पलीकडं, दाराआड जाऊन बसते. बानूबाई पहिले आठ दिवस तिला नुसतं अन्नात हात घालू द्यायची. घट्ट कण्या परातीत ओतायच्या आणि तिला पुढं बसवायचं. खा म्हणायचं नाही, नको म्हणायचं नाही. पहिल्या दिवशी ती परातीकडं बघत बसली. दुसऱ्या दिवशी एक बोट बुडवलं आणि दाराकडं बघितलं. मी आत सरकले. चौथ्या दिवशी बोट चाटलं. आठव्या दिवशी कोपरापर्यंत माखली होती. बानूबाई मोठ्यानं म्हणाली, "खा गं माझी वाघीन!" ते मला ऐकू यावं म्हणून म्हणाली, हे मला समजलं.

मग तुझे दाजी. ह्या माणसानं जन्मात चमच्यानं खाल्लेलं नाही. आता दोन्ही वेळा मथूशेजारी मांडी घालून बसतात, स्वतः एक चमचा घेतात, तिच्यापुढं एक ठेवतात आणि वरणात कुस्करलेली भाकर चमच्यानं खातात. अर्धी मिशीत जाते. मथू त्यांच्या मिशीकडं बघून हसते. "हस, हस," म्हणतात, "तुला तरी येतंय का बघू." बारा दिवस ती नुसती हसत होती. तेराव्या दिवशी तिनं चमचा उचलला. डाव्या हातात. तुझे दाजी उजव्या हातात द्यायला लागले तर बानूबाई ओरडली, "ज्या हातानं खायलीय त्या हातानं खाऊ द्या!"

काही गोष्टी तुला उपयोगी पडतील म्हणून लिहिते. पातळ काही देऊ नकोस, पडतं आणि ती हिरमुसते. घट्ट खिचडी, दह्यात कालवलेला भात, कण्या. ताटली उथळ नको, काठाची हवी, म्हणजे घास काठाला दाबून चमच्यात घेता येतो. अडली तर समोरून हात धरायचा नाही. मागं बसून मनगटाखाली नुसता आधार द्यायचा आणि तोंडाजवळ पोचलं की सोडायचा. शेवटचा टप्पा तिचा तिनं गाठला पाहिजे. सांडलं तर काही बोलायचं नाही. बोलायचंच नाही. पुसायचं सगळं खाऊन झाल्यावर. मध्येच पुसायला गेलं की ती थांबते.

हे मला दाराआडून ऐकून आणि फटीतून बघून समजलं आहे. माझ्या हातानं त्यातलं काही केलेलं नाही.

अजून महिना लागेल.

कमल

बोरगाव, ४ मे १९५९

गोदू,

ये.

मागच्या आठवड्यापासून मथू दोन्ही वेळचं जेवण एकटी जेवते. पण मी समोर असताना जेवते का, ते बघायचं राहिलं होतं. तुझ्यापुढं जेवेल आणि पुढं कधी माझ्यासारखं कुणी समोर आलं की हात मागं नेईल, असं नको होतं.

बुधवारी मी पहिल्यांदा आत बसले. तिच्यापुढं नाही, भिंतीकडं तोंड करून, डाळ निवडत. ती थांबली. मला मागं दिसत नव्हतं, पण ताटलीचा आवाज बंद झाला. मी डाळ निवडत राहिले. किती तरी वेळानं चमचा ताटलीला लागला. गुरुवारीही तसंच. शुक्रवारी मी तिच्याकडं तोंड करून बसले आणि हात माझे माझ्या मांडीखाली ठेवले. तिनं माझ्याकडं बघितलं, हाताकडं बघितलं. मग चमचा भरला. थोडं सांडलं. मी हलले नाही. तिनं खाल्लं. काल, रविवारी, माझ्याकडं न बघता खाल्लं. सगळं खाऊन उठली आणि करडाकडं पळाली.

म्हणून म्हणते, ये.

कमल

बोरगाव, २३ जून १९५९

गोदू,

तू लिहू नकोस म्हणाली नव्हतीस, म्हणून हे एक लिहिते.

तू आलीस, मथूला जेवताना बघितलंस, आणि तुझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी तू आवाज केला नाहीस, ती थांबेल म्हणून. माझ्याशी बोलली नाहीस. ते बरोबरच होतं. गाडीत बसताना मी फाट्यापर्यंत येते म्हणाले, तेव्हा तू "नको" म्हणालीस. ते एकच तुझं बोलणं. गाडी वळेपर्यंत मथू मागं बघत होती. मी आत गेले, मला बघून ती रडू नये म्हणून. ती रडली का नाही मला माहीत नाही.

हे सगळं तुला ठाऊक आहे. तुला ठाऊक नाही ते सांगायला बसले आहे.

तू गेल्यावर गावात बोलणं सुरू झालं. आडावर बाया म्हणायला लागल्या, "दीड वर्ष अक्कानं पोर तळहातावर वाढवली, आन् बहीन बघा, नेताना पाया पडायचं सुदिक भान न्हाई." कुणी म्हणालं, "बिमारीतून उठली, आता बहिनीची गरज सरली." कुणी म्हणालं, दगडाच्या काळजाची आहे. मी घागर भरत होते. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. लोक घरी येऊन माझी समजूत काढायला लागले. नर्मदाबाई, आमच्या शेजारची, रोज आपली दीड वर्षाची नात आणून माझ्या मांडीवर ठेवायची. "तुमचं मन रमंल," म्हणायची. खरं सांगते, पाच आठवडे मला ते गोड लागत होतं. सगळं कबूल करून झालं होतं, तुझ्यापुढं, बानूबाईपुढं, आणि तरी गावात मी देवमाणूस होऊन बसले होते. आणि तू माझ्या वाट्याच्या शिव्या खात होतीस.

वटपौर्णिमेला सगळ्या बाया वडाखाली जमल्या होत्या. पूजा झाली, वाणं वाटून झाली. नर्मदाबाईनं नात माझ्याकडं दिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "हिच्या हाताला लेकरू लागतं. ह्या बाईवानी माया कुनाला न्हाई. त्या गोदीला देवच बघून घेईल."

तुझं नाव आलं आणि मी उभी राहिले. मी म्हणाले, "गोदूला काही म्हणू नका. पोर शिकली होती, मी लपवलं. पोर जेवायला हात पुढं करायची, मी मारायची. सहा महिने आईला लेकीपासून तोडलं. हे मी केलं." पहिल्यांदा कुणाला समजलंच नाही. एक जण हसली, तिला वाटलं उपासानं डोकं फिरलं. म्हणून मी पुन्हा सांगितलं. सगळं. बोटांवर मारलेलं, पदराखाली हात धरलेला, तुला पाया पडू दिलं ते. उरलेला दोरा गुंडाळत होत्या त्या थांबल्या होत्या.

नर्मदाबाई पुढं आली आणि तिनं माझ्या कडेवरून आपली नात उचलून घेतली. रागानं नाही. गरम भांडं उचलावं तशी, सांभाळून. पोर माझ्या गळ्यातल्या पोतीला धरून होती, तिची बोटं एकेक करून सोडवली. मी तिला थांबवलं नाही. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

तेव्हापासून आमच्या ओट्यावर कुणी लेकरू येत नाही. बाया आडावर मला जागा करून देतात, बोलत नाहीत. तुझे दाजी जेवताना म्हणाले, "बरं झालं सांगितलंस." मग आणखी भाकर मागितली. त्या दिवसापासून ते पहिल्यासारखे जेवतात.

हे मी तुझी माया परत मिळावी म्हणून केलं नाही, आणि मिळेल अशी आशाही धरत नाही. पण येलदरीला आपल्याकडची लय माणसं धरणावर कामाला आहेत. बोलणं तिथपर्यंत गेलं असणार. तुला किंवा चंद्रभानरावांना कुणी काही ऐकवलं, तर हे पत्र त्याला वाचायला दे. गरज पडेल तिथं दाखव. मथू मोठी होऊन विचारील तेव्हा तिलाही दे. म्हणून खाली पूर्ण नाव घालून सही करते. सगळं खरं आहे आणि माझ्या हातचं आहे.

कमलबाई भ्रतार किशनराव ढगे
मु. बोरगाव